हात लावण्याआधी

घरी येऊन अंग रगडून देणारा माणूस कोल्हापूरला नवा नाही. या शहरात मालिशच्या दोन जुन्या शाळा आहेत आणि दोन्ही इथल्याच मातीतल्या आहेत. एक तालमीत भरते, दुसरी बाळंतिणीच्या खोलीत. आता तिसरी उभी राहिली आहे. ती फोनवर वेळ ठरवते, पिशवीत चादर-टॉवेल-तेल घेऊन येते आणि तासाचे पैसे घेऊन जाते. शाहूपुरीत या तिन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली आणि पुढच्या काही वर्षांतच राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ ही व्यापारी पेठ वसवली. गुळाच्या उलाढालीने ती वाढली. हमालांच्या पाठी, पेढीवर दिवसभर मांडी घालून बसणाऱ्यांच्या कंबरा, कुंभार गल्लीत गणपतीच्या हंगामात मूर्तींवर वाकून अवघडलेल्या माना आणि शाहूपुरी तालमीतल्या पोरांचे खांदे अशी अंगदुखीची नाना रूपे एवढ्याशा वस्तीत सापडतात. त्यामुळे घरी बोलावलेल्या मालिशकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न इथे चैनीचा नाही, रोजच्या जगण्याचा आहे. माझे उत्तर थोडक्यात असे: मालिशचा दर्जा तेलावर ठरत नाही आणि हाताच्या जोरावरही ठरत नाही. हात अंगाला लागण्याआधी जी विचारपूस होते तिच्यावर तो ठरतो, आणि नको वाटले तर दोघांपैकी कुणालाही सरळ नाही म्हणता येते का, यावर ठरतो.

हे उत्तर बाहेरून आणलेले नाही. तालमीकडे पाहिले तरी ते दिसते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. 1902 च्या विलायत दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्या धर्तीवर 1912 साली कुस्तीचे खासबाग मैदान उभे राहिले. मैदानातली कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते, पण तिच्यामागची मेहनत वर्षानुवर्षे तालमीच्या हौद्यात चालते. जोर, बैठका, लढत आणि मग मालिश असा तो क्रम असतो. तालमीत मालिश हा मेहनतीचाच भाग मानला जातो. पोरे एकमेकांची अंगे रगडतात, थोरल्या पैलवानाला धाकटे रगडतात. यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रगडणाऱ्याला समोरचे अंग पाठ असते. काल कुणाचा खांदा लचकला, कुणाचा गुडघा जुना दुखरा आहे, कुणाला गेल्या आठवड्यात ताप होता हे त्याला माहीत असते, कारण दोघे एकाच हौद्यात लोळतात आणि एकाच छताखाली झोपतात. शिवाय वस्तादाची नजर असते. कुणाला काय झेपेल हे त्याला ठाऊक असते आणि त्याचा शब्द अखेरचा असतो.

बाळंतिणीच्या खोलीतही तेच. तेल लावायला येणारी बाई सकाळी ठरल्या वेळी येते आणि सव्वा महिना रोज येते. बाळंतिणीचे अंग चोळून, न्हाऊ घालून झाले की बाळाची पाळी. न्हाणीत पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब सोडते, पदर खोचते, पायांवर बाळाला उताणे घेते. नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळाची पाठ बरोबर बसते आणि डोके तिच्या पावलांकडे टेकते. आधी छाती-पोट, मग हातपाय, मग पालथे घालून पाठ. उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला आणून अंग मोकळे करणे. पाण्यात स्वतःचा कोपर घालून ऊन किती आहे ते बघणे. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि एकही हालचाल वाया जात नाही. हे कसब कुठल्या वर्गात मिळत नाही. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ते आले आहे. इथेही ओळख आहेच. त्या घरातली आधीची बाळंतपणे अनेकदा तिनेच पाहिलेली असतात. टाके पडले आहेत का, दूध उतरते आहे का, रात्री बाळ का रडले हे तेल गरम होईपर्यंतच्या बोलण्यात तिला कळते.

म्हणजे आपल्या जुन्या मालिशमध्ये वेगळी विचारपूस होत नव्हती, कारण तिची उत्तरे आधीच ठाऊक होती. ओळखीनेच ते काम केलेले असे. आज जो माणूस तासाभरासाठी घरी येतो त्याला आपल्या अंगाचा इतिहास माहीत नाही. आपल्यालाही त्याच्या हाताचा अनुभव नाही. परिचयाची जागा आता प्रश्नांनी भरून काढावी लागते. हे ज्याने ओळखले त्याने जुन्या दोन्ही शाळांचे सार उचलले. ज्याने फक्त तेल आणि जोर उचलला, त्याच्या हाती टरफले आली.

मालिशने नेमके काय होते, हे आता बरेच तपासले गेले आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशींची दुरुस्ती करणारी यंत्रणा अधिक जागी झालेली होती. मात्र स्नायूंतल्या लॅक्टिक आम्लात काही फरक पडला नव्हता. मालिशने अंगातले आम्ल किंवा विष निघून जाते, असे जे सर्रास सांगितले जाते त्याला आधार मिळाला नाही. तालमीतला अनुभव खरा ठरला, त्याचे प्रचलित कारण तेवढे चुकीचे निघाले. कंबरदुखीबद्दलचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास 2011 चा आहे. जुनाट कंबरदुखी असलेल्या 401 जणांचे तीन गट केले. एका गटाला दुखऱ्या स्नायूंवर नेमके काम करणारी मालिश, दुसऱ्याला नुसती आराम देणारी मालिश आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी मालिशच्या दोन्ही गटांतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांनी दुखणे जवळजवळ गेल्याचे सांगितले. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण चार टक्के होते. वर्षअखेरीस हा फरक बराचसा ओसरला होता.

या अभ्यासातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्याकडच्या समजुतींना धक्का देतात. पहिली म्हणजे मालिशचा गुण खरा आहे, पण तो टिकाऊ नाही. हालचाल, व्यायाम, बसण्याची पद्धत यांची जागा ती घेऊ शकत नाही. एका बैठकीत मणक्याची गादी जागेवर बसवून देतो म्हणणारा माणूस खोटे बोलतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हळू, आराम देणारी मालिश दुखऱ्या स्नायूंवर नेमके काम करणाऱ्या मालिशइतकीच उपयोगी पडली. कोल्हापुरी माणसाला हे पचवणे जड जाईल. हाडे वाजल्याशिवाय, डोळ्यांत पाणी आल्याशिवाय रगडल्यासारखे वाटत नाही, ही आपली धारणा पैलवानांकडून आली आहे. पण पैलवानाचे अंग रोजच्या मेहनतीने कसलेले असते. दिवसभर काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या साठीतल्या माणसाचे ते नसते. पैलवानाला झेपणारा जोर त्याच्यावर लावला तर काळेनिळे डाग पडतात आणि हाडे ठिसूळ असतील तर बरगडीही मोडू शकते. किती जोर लावायचा हे ज्याचे अंग त्याने सांगायचे आणि दर थोड्या वेळाने सांगायचे. चांगला मालिशवाला हे विचारत राहतो. उत्तर ‘जरा हळू’ असे आले तर त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

मग येतात ती अंगे, ज्यांना हातच लावू नये. एका पायाची पोटरी अचानक सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका नेहमीपेक्षा बराच अधिक असतो आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे मालिश रोज चालते. तेव्हा बाळंतिणीच्या पोटऱ्यांची चौकशी झाल्याशिवाय तेलाला हात घालू नये. सिझेरियन झालेले असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत पोट चोळायचे नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, ताप असेल, कातडीवर जखम किंवा संसर्ग असेल, नुकतेच हाड मोडलेले असेल तर थांबायचे. मधुमेह जुना असेल तर पावलांची जाणीव बोथट झालेली असू शकते. शेकाची गरम पिशवी भाजते आहे हे त्या माणसाला कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड आलेला दिसतो. ही पथ्ये पाश्चात्त्य आहेत असे कुणी म्हणेल, तर त्याने वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ उघडावे. रोज अभ्यंग करावा, डोके, कान आणि पाय यांवर विशेष करावा असे दिनचर्येच्या अध्यायात सांगून तो लगेच वर्ज्य कुणाला तेही सांगतो. कफाने ग्रासलेल्याला, नुकती शोधनक्रिया झालेल्याला, अजीर्ण झालेल्याला. तपशील आज वेगळे असतील. पण कुणाला तेल लावू नये हे ठरवल्याशिवाय तेल लावण्याचे शास्त्र पुरे होत नाही, हे त्यालाही मान्य होते.

तर घरी ठरवलेल्या बैठकीत काय व्हायला हवे? येणाऱ्याने आधी हात धुवावेत. नखे कापलेली हवीत, हातात अंगठी किंवा कडे नको. पहिली पाच-दहा मिनिटे बोलण्याची: कुठे दुखते, कधीपासून, कोणती औषधे चालू आहेत, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, कोणत्या भागाला हात लावायचा नाही. नवे तेल असेल तर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचे. नंतर त्याने खोलीबाहेर जावे आणि आपण सोयीप्रमाणे कपडे काढून चादरीखाली झोपावे. किती कपडे काढायचे हे आपण ठरवायचे. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेले, हा नियम बाई असो वा पुरुष, दोघांनाही लागू. खास टेबल नसेल तर जमिनीवर सतरंजी आणि वर जुनी चादर पुरते. गुबगुबीत गादीवर अंग खचते आणि दाब नीट बसत नाही. पंखा बंद किंवा मंद ठेवावा, कारण तेल लावलेल्या अंगाला वारा लवकर गार करतो. जेवणानंतर तासाभराने वेळ घ्यावी. वृद्धांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका मालिश संपल्यावर येतो. तेलकट तळव्यांनी शहाबादी फरशीवरून न्हाणीकडे जाताना पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. तळवे पुसल्याशिवाय उठायचे नाही आणि उठताना क्षणभर बसून घ्यायचे, एवढे पाळले तरी अनर्थ टळतो. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकले तर घाबरायचे कारण नाही. ठणका दोन दिवसांहून अधिक टिकला किंवा मुंग्या, बधिरपणा आला तर मात्र डॉक्टरांकडे जायचे.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. आमच्या आज्यांनी कुणाला काही विचारले नाही आणि आठ-आठ पोरे वाढवली, असे म्हणतात. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. बाळाच्या मालिशचे श्रेय आज जग भारतीय बायकांना देते. फ्रेडरिक लबोये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कोलकात्याच्या शांतला नावाच्या आईला आपल्या बाळाची मालिश करताना पाहिले आणि 1976 मध्ये तिच्याच नावाचे पुस्तक काढले. युरोपला ही कला त्यातून कळली. मायामी विद्यापीठाच्या टिफनी फील्ड यांनी 1986 मध्ये दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना रोज मालिश मिळाली त्यांचे वजन इतरांपेक्षा 47 टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये खनिज तेलाशी तुलना केली, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वजनाच्या बाबतीत आपले खोबरेल सरस ठरले. आज्यांचे हात बरोबर होते. पण त्याच न्हाणीत बाळाच्या नाकात तेल सोडले जाई. ते फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. बंद खोलीत धुरी दिली जाई आणि नवजात छातीत तो धूर जाई. आठ पोरे जगली ती मोजली गेली. जी राहिली नाहीत त्यांचे कारण कुणी विचारले नाही. परंपरेचा आदर म्हणजे तिचे हात घ्यायचे आणि नाकातले तेल सोडून द्यायचे. भारतातल्या अनाथालयात काम करताना ही कला शिकलेल्या अमेरिकन शिक्षिका विमला मॅक्लूर यांनी तिला एक जोड दिली: मालिश सुरू करण्याआधी बाळासमोर हात धरून त्याची परवानगी मागायची. बाळाने अंग चोरले, तोंड फिरवले, रडू लागले तर थांबायचे. आपल्या अनुभवी बायाही हे ओळखतात. भुकेल्या किंवा पेंगुळलेल्या बाळाला त्या तेल लावत नाहीत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. परका माणूस घरात, अंगावर कपडे कमी, हे धोक्याचे नाही का? आहे. म्हणून येणाऱ्याची ओळखपत्रासह खात्री करावी, घरात दुसरे माणूस असावे, खोलीची कडी लावू नये. बाईला बाई हवी असेल तर ते आधीच सांगावे. पण या धोक्याची दुसरी बाजू आपल्याकडे बोलली जात नाही. परक्या घरात एकटी शिरणारी ती बाई असते. मालिशच्या धंद्याकडे पाहण्याची नजर गढूळ असल्याने तिच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवणारे लोक भेटतात. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये गुरुग्राममध्ये घरपोच सौंदर्यसेवा देणाऱ्या महिला रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कमिशनच्या कपातीबरोबर सुरक्षितता हीसुद्धा त्यांची मागणी होती. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घरही धरले आहे आणि असंघटित कामगार महिलांच्या तक्रारींसाठी जिल्ह्याच्या पातळीवर समितीची तरतूद केली आहे. आपली बैठकीची खोली त्या तासापुरती कुणाचे तरी कामाचे ठिकाण असते. त्या बाईला काम अर्धवट टाकून निघून जाण्याचा हक्क आहे आणि अशा वेळी पैसे बुडवणे हा गुन्ह्यावर गुन्हा आहे. आपल्याला नकार देता यावा असे वाटत असेल तर तिचा नकारही मान्य करावा लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एवढ्या अटी घातल्या, प्रमाणपत्रे मागितली तर पिढ्यान्पिढ्या हे काम करणाऱ्या बायाच बाहेर फेकल्या जातील आणि चकचकीत गणवेशातले अर्धकच्चे लोक त्यांची जागा घेतील. ही भीती खरी आहे. कायद्याची आजची स्थिती अशी की फिजिओथेरपिस्ट 2021 च्या राष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत आले आहेत, पण नुसती मालिश करणाऱ्याला तशी नोंदणी नाही. जपानमध्ये 1947 च्या कायद्यानुसार मालिशला परवाना सक्तीचा आहे. तिथे शेकडो वर्षे हे काम दृष्टिहीनांच्या हातात होते आणि त्यांची रोजी जाऊ नये याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. परवाना आणि जुन्या कारागिरांचे रक्षण या दोन गोष्टी एकत्र जाऊ शकतात, हे त्यातून दिसते. आपल्याकडेही सरकारी कौशल्य योजनेत आधीपासून अंगी असलेल्या कसबाला तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तेल लावणाऱ्या बाईंना पाय चोळायला शिकवण्याची गरज नाही. पोटरीची सूज कशी ओळखायची, नाकात तेल का घालायचे नाही, कुठल्या लक्षणाला काम थांबवून दवाखान्यात पाठवायचे, एवढे चार दिवसांत शिकवता येते. ज्या दवाखान्यांत बाळंतपणे होतात त्यांनीच आपल्या भागातल्या या बायांना बोलावून ते शिकवावे. आज डॉक्टर त्यांना नावे ठेवतात आणि त्या डॉक्टरांपासून गोष्टी लपवतात. मधल्या मध्ये बाळंतीण सापडते.

राहिला चैनीचा मुद्दा. ज्यांना परवडते त्यांचे हे चोचले, असे मानणाऱ्यांनी दिवाळीची पहाट आठवावी. नरकचतुर्दशीला गरीब-श्रीमंत प्रत्येक घरात कुणीतरी कुणाच्या तरी पाठीला तेल-उटणे लावते. वर्षातून एकदा का होईना, दुसऱ्याच्या हाताची अंगाला गरज असते हे आपल्या सणाने मान्य केले आहे. उरलेल्या दिवसांत ही गरज हमालाला, शिलाई मशिनवर वाकलेल्या बाईला आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला अधिक असते, आणि मिळते मात्र कमी. ती भागवणारे हात कोल्हापुरात आहेत. त्यांना कामगार म्हणून मान द्यायला हवा, चार गोष्टी शिकवायला हव्यात आणि आपणही प्रश्नांना खरी उत्तरे द्यायची सवय लावून घ्यायला हवी. घरी आलेला माणूस काहीही न विचारता तेलाची बाटली उघडू लागला तर त्याला तिथेच थांबवा, आपली दुखणी आणि औषधे आपण होऊन सांगा. ऐकून घेऊन ज्याने ‘आज तुम्हाला मालिश नको, आधी डॉक्टरांना दाखवा’ असे म्हटले आणि मिळणारा पैसा सोडला, त्याचा नंबर जपून ठेवा. पुढच्या वेळी त्यालाच बोलवा.